पट्टी उतरवलेली गाणी

रॉक बँड ही गोष्ट मुळात म्हातारं होण्यासाठी बनलेलीच नाहीये असं मला बरेचदा वाटतं. विशी-बाविशीतली चार-पाच पोरं एकत्र येतात, अँपचा आवाज शेवटपर्यंत पिळतात, जगावर चिडलेली असतात आणि त्या चिडण्यावर दोन-तीन अल्बम आरामात निघतात. गाणं हिट झालं तर पंचावन्नाव्या वर्षीसुद्धा हेच असंच किंचाळायला लागणार आहे हा विचार तेव्हा कोण करतं! बीटल्स त्या बाबतीत सुटले. पहिला अल्बम १९६३ चा, आणि एप्रिल १९७० मधे बँड फुटल्याची बातमी आली तेव्हा चौघांपैकी एकानेही तिशी गाठलेली नव्हती. काय पिकायचं ते सात वर्षांत घाईघाईने पिकलं, पन्नाशीतले बीटल्स कसे वाजले असते ते कळायची सोयच राहिली नाही.

बाकीच्यांना मात्र वय होतं. आणि माझं मत विचाराल तर बँडचं मॅच्युअर होणं बऱ्याचदा डोक्यात नाही, घशात सुरू होतं. आधी आवाज जातो, मग अक्कल येते. सत्तरच्या दशकात गाजलेला बँड लेड झेपेलिन, ते २००७ च्या डिसेंबरात लंडनला एका रात्रीपुरते परत एकत्र आले, ड्रम्सवर वारलेल्या जॉन बॉनमच्या जागी त्याचाच मुलगा, गायक रॉबर्ट प्लांट एकोणसाठ वर्षांचा. काही गाण्यांची पट्टी सरळ खाली आणली होती. म्हटलं तर ही तडजोड, पण ऐकताना मला तरी ती गाणी उलट जास्त वजनदार वाटली, कारण तरुणपणी प्लांट जिथे सुसाट वर जायचा तिथे आता तो थांबतो, ओळ थोडी उशिरा उचलतो, आणि त्या उशिरात मजा आहे. त्याच वर्षी त्याने गायिका अ‍ॅलिसन क्राउसबरोबर एक अगदी हळू आवाजातला अल्बम केला, त्याला २००९ मधे ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर मिळाला, आणि झेपेलिनची टूर काही झाली नाही ती नाहीच. फॅन लोक अजून हळहळतात, मी नाही.

पण सगळ्यात भारी उदाहरण रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं. ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणं त्यांनी १९९५ मधे पहिल्यांदा स्टेजवर वाजवलं. गायक थॉम यॉर्क तेव्हा सत्तावीसचा, हातात अकूस्टिक गिटार, जोरजोरात स्ट्रमिंग, आणि जाऊ नकोस म्हणून विनवणी, जी सत्तावीसाव्या वर्षी माणूस करतो तशी, म्हणजे आत कुठेतरी खात्री असते की समोरचा माणूस थांबेल. मग हे गाणं वर्षानुवर्षं नुसतं लटकत राहिलं, लाइव्ह व्हर्जन आलं पण स्टुडिओत काही ते जमेना. शेवटी २०१६ च्या अल्बममधे शेवटचं गाणं म्हणून आलं. गिटार गायब. नुसते पियानोचे सुटे सुटे सूर, एकमेकांवर हळूच चढणारे, लय इतकी ढिली की पुढचा सूर येतोय की नाही अशी धाकधूक. शब्द जवळजवळ तेच. पण सत्तेचाळीस वर्षांचा माणूस तेच जाऊ नकोस म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की जाणारा ऑलरेडी गेलाय. एक ओळ नवीन न लिहिता गाण्याचा अर्थ उलटा झाला! दोन्ही व्हर्जन्स एकामागोमाग एक ऐकून बघा, आणि शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी ऐकू नका.

दुसरा मला आवडणारा माणूस म्हणजे रश या बँडचा ड्रमर नील पिअर्ट. नव्वदच्या दशकाच्या मध्यात, चाळिशी उलटलेली, जगभरचे ड्रमर याला देव मानतायत, आणि हा बाबा फ्रेडी ग्रूबर नावाच्या एका म्हाताऱ्या जॅझ शिक्षकाकडे जाऊन परत शिकायला बसला. काठ्या धरायची पद्धत बदलली, बसणं बदललं, दोन ठोक्यांच्या मधे हात हवेत कसा फिरतो यावर घाम गाळला. १९९६ चा अल्बम त्यानंतरचा. ड्रमर नसलेल्या माणसाला त्यात फार फरक ऐकू येईल असं नाही, पण ठेका पूर्वी ताठ चालायचा तो जरा झुलायला लागला. याला म्हणतात हौस.

बाकी नकली मॅच्युरिटीही भरपूर असते बरं का. तिची लक्षणं ठरलेली: टेम्पो निम्मा, मागे व्हायोलिनांचा ताफा, कव्हरवर ब्लॅक अँड व्हाइट फोटोत सगळे समुद्राकडे बघतायत, आणि मुलाखतीत म्हणणार की हा आमचा सगळ्यात प्रामाणिक अल्बम. अरे मग आधीचे काय होते? हळू वाजवणं म्हणजे खोल वाजवणं नव्हे, कधीकधी ते नुसतं दमणं असतं.

आणि मग एसी/डीसी बँडवाले येतात आणि माझी सगळी थिअरी मोडून टाकतात. त्यांचा गिटारिस्ट अँगस यंग १९५५ चा जन्म, अजूनही शाळेच्या युनिफॉर्ममधे, हाफ पँट घालून, त्याच मोजक्या कॉर्ड्स. बदल शून्य. मात्र २०२० चा ‘पॉवर अप’ घ्या. भाऊ माल्कम, म्हणजे बँडची खरी लय सांभाळणारा माणूस, २०१७ मधे गेलेला. तरी त्या अल्बममधल्या प्रत्येक गाण्यावर दोघांचंही नाव आहे, कारण भावांनी मिळून आधी करून ठेवलेल्या रिफ्समधूनच, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यांमधूनच, ती गाणी उभी केली, आणि माल्कमच्या जागी रिदम गिटारवर त्यांचाच पुतण्या. श्रद्धांजली म्हणून एकसुद्धा रडकं, संथ गाणं नाही. तोच धबडगा, तोच ठेका, कारण भावाला तोच आवडायचा. याला मॅच्युअर म्हणायचं की हट्टीपणा ते माझं अजून ठरत नाहीये, तोवर व्हॉल्यूम वाढवून ऐकतोय.