खेळाची कणीक

सकाळी कणकेचे वीस गोळे वाटले, संध्याकाळी डब्यात सतरा परत आले. सलग तिसरा दिवस. सहकारी म्हणाल्या, "मुलं चोरतायत, दारात खिसे तपासू." वाटेतल्या प्रत्येक चौकीवर आईबापांची झडती पाहत छावणीत आलेली ही चार वर्षांची मुलं. मी ठाम नकार दिला.

आमच्या बालकेंद्राचा क्रम कधी बदलत नाही: स्वागताचं गाणं, गोल करून बसणं, कोपऱ्यांतला मुक्त खेळ, आवराआवर, निरोपाचं गाणं. बाकी कशाचाच भरवसा नसताना पुढे काय होणार हे मुलांना ठाऊक असावं, म्हणून. चौथ्या दिवशी निरोपाच्या गाण्यात सगळे टाळ्या वाजवत होते, एका मुलीची मात्र मूठ मिटलेली. शेजारी बसून विचारलं, "हा कुणासाठी गं?"

"बाळासाठी. रात्री रडतो ना."

माझ्या पोटात खड्डाच पडला. कारण कणकेचं प्रमाण मला पाठ होतं: दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी, दोन चमचे तेल. मीठ टिकण्यासाठी घालतात. पण मीठ पिठापेक्षा जड. वजनात ते पिठाहून थोडं जास्तच भरतं. म्हणजे साठ ग्रॅमच्या गोळ्यात वीस ग्रॅमच्या वर मीठ. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. दीड वर्षाच्या बाळाच्या ते जिवावर बेतू शकतं.

तशीच तिच्या तंबूत गेले. आदल्या दिवशीचा तुकडा बाळानं तोंडात घालून थुंकला होता. तरी त्याला आरोग्य केंद्रात नेलं. अशा वेळी उलटी करवायची नाही, घरी थांबून वाटही बघायची नाही. फार तहान, उलट्या, गुंगी, झटके ही लक्षणं.

आमच्या मदतनीस ताई स्वतः विस्थापित. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "पिठाशी खेळायचं?" आम्ही ते कानाआड केलं, कारण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत कणीक होती. खेळ हा मुलाचा हक्क, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात आहे. पण त्याच संहितेच्या २४ व्या, आरोग्याच्या कलमात पोषक अन्नही आहे. ज्या घरात पीठ मोजून शिजतं, तिथल्या मुलासमोर पीठ खेळायला ठेवणं चूक होतं. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी हा विचार करायला हवा होता, आणि आम्हीही.

आता माती वापरतो. शौचालय आणि सांडपाण्यापासून लांब, वरचा हातभर थर काढून खालची घ्यायची. पेन्सिलएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची; तडकली तर वाळू जास्त, जागा बदला. भिजवून चाळणीतून गाळायची, कापडावर निथळू द्यायची, लोण्यासारखी होईतो मळायची. झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यात ठेवली की आठवडाभर मऊ राहते. कोरडी पडली तर मुलांची बोटं थकतात आणि ती खेळ सोडून उठतात. खेळ झाल्यावर साबणानं हात धुणं सक्तीचं. मातीत जंतांची अंडी असू शकतात. हे सगळं ताईंनीच बसवलं. मळणं त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही.

तीन दिवसांत नऊ गोळे गेले होते. त्या रात्री तंबूतंबूतून फिरून आठांचा पत्ता लागला. नवव्याचा नाही. आरोग्य केंद्राच्या वहीत त्या आठवड्यात तसं एकही मूल नाही. मी दोनदा पाहिली.