माहीमचं चर्च: वऱ्हाडातून जाणाऱ्यांसाठी एका बुधवारचा वृत्तांत

माहीमच्या चर्चला जायचं तर बुधवारीच जा, आणि तो दिवस दुसऱ्या कशालाही देऊ नका. आपल्याकडची माणसं मुंबईला गेली की सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजीअली, माउंट मेरी, गेटवे असं सगळं एका दिवसात उरकतात आणि रात्रीच्या गाडीत बसतात. माहीमचं सेंट मायकल चर्च त्या यादीत घालू नये असं मला मनापासून वाटतं. नुसती वास्तू बघायला गेलात तर थोड्या वेळात बाहेर याल, कारण आजची इमारत १९७३ सालची आहे. तिथे बघण्यासारखं आहे ते माणसांचं येणं, आणि ते बुधवारी असतं.

आम्ही वरुड तालुक्यातले. मी, माझी जाऊ आणि शेजारच्या मावशी. मावशी कॅथलिक. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची, माझीही. माहीमला जाऊन मराठीतली नोव्हेना, म्हणजे तिथली बुधवारची प्रार्थना, ऐकायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण कधी कपाशी वेचायची असायची, कधी संत्र्याचा व्यापारी यायचा, कधी कोणाचं लग्न. या खेपेला शेवटची वेचणी झाली आणि आम्ही तिघी निघालो.

आता जाण्याचं सांगते. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस रोज संध्याकाळी अमरावतीहून सुटते आणि बडनेरा, अकोला, शेगाव करत पहाटे मुंबईत पोचवते. मंगळवारी रात्री बसायचं, बुधवारी सकाळी उतरायचं आणि बुधवारी रात्रीच्याच गाडीनं परत फिरायचं. लॉजचा खर्च नाही, अनोळखी शहरात रात्र काढायची काळजी नाही. गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्ध्याकडच्यांना विदर्भ एक्स्प्रेस बरी. यवतमाळकडच्यांनी धामणगाव गाठावं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्यात ढिलाई करू नका, वेटिंगवर म्हातारं माणूस नेऊ नका.

बरेच जण सांगतील की दादरला उतरा. तरुण असाल, हातात एकच पिशवी असेल तर उतराही. पण सोबत मावशींसारखं कोणी असेल तर सरळ शेवटपर्यंत, सीएसएमटीपर्यंत जा. तिथे वेटिंग रूममध्ये तोंड धुता येतं, साडी बदलता येते, क्लोक रूममध्ये सामान टाकता येतं. मग त्याच स्टेशनवरून हार्बर मार्गाची लोकल पकडायची, म्हणजे दादरचा तो पूल चढायला नको आणि गाडी बदलायलाही नको. लक्षात एवढंच ठेवायचं की हार्बरच्या काही गाड्या पनवेलकडे जातात आणि काही गोरेगावकडे. आपल्याला गोरेगावची हवी. वडाळा गेलं, किंग्ज सर्कल गेलं की पुढचं माहीम. सकाळी नोकरीवाल्यांचा लोंढा सीएसएमटीकडे येत असतो, आपण त्याच्या उलट्या अंगानं जातो, त्यामुळे बायकांच्या डब्यात मावशींना खिडकी मिळाली.

माहीमला पश्चिमेकडे बाहेर पडा. रिक्षा शोधत उभे राहू नका, कारण मुंबईत रिक्षा वांद्र्यापासून पुढेच चालतात. माहीमला टॅक्सी किंवा बस. चालता येत असेल तर पंधराएक मिनिटांची वाट आहे. लेडी जमशेटजी रोडला लागायचं आणि वांद्र्याच्या दिशेनं चालायचं. बुधवारी पत्ता विचारावाच लागत नाही. हातात मेणबत्त्या अन् फुलं घेतलेली माणसं एकाच बाजूला चाललेली असतात, त्यांच्या मागे जायचं.

चर्चच्या बाहेर मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. साध्या मेणबत्त्या तर असतातच, पण मेणाची घरं, मेणाची बाळं, हात, पाय असंही सगळं मांडलेलं असतं. ज्याचं जे मागणं, तो ते घेतो. घर व्हावं म्हणून घर, मूल व्हावं म्हणून बाळ. जावेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून तिनं एक पाय घेतला. वीतभर लांबीचा, पिवळसर, बोटांच्या जागी नुसत्या रेघा ओढलेल्या. उन्हानं मेण मऊ पडलं होतं आणि तिच्या अंगठ्याचा ठसा बरोबर गुडघ्यावर उमटला. तिला वाईट वाटलं. दुकानातल्या बाईनं पाय बदलून द्यायची तयारी दाखवली, पण मावशी म्हणाल्या, "राहू दे वं. तुह्या हातचा हाय हे तरी समजन मायले." जावेनं तोच पाय पदराखाली धरून आत नेला.

आत गेल्यावर पहिली गोष्ट: चपला काढायच्या नाहीत. आपला हात आपसूक चपलेकडे जातो, पण इथे लोक पायताणासह आत बसतात. डोक्यावर पदर घ्यायलाच हवा असंही नाही. अंगभर, साधे कपडे असले की झालं. बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक प्रार्थना चालतात, इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत. मराठीची वेळ आवारातल्या पाटीवर बघून घ्या आणि निदान अर्धा तास आधी बाकावर जाऊन बसा. उशिरा येणाऱ्यांना उभं राहावं लागतं, आणि मुंबईचा दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हासारखा नसतो. सावलीतही घाम थांबत नाही. पाण्याची बाटली आणि एखादा रुमाल जवळ असू द्या.

आमच्या बाकावर कोण कोण होतं ते सांगते. एक कोळीण, डोक्यात अबोलीचा गजरा. कॉलेजच्या दोन मुली. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या एक आजी, ज्या सगळी प्रार्थना तोंडपाठ म्हणत होत्या. एक माणूस कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून आला होता. प्रार्थना संपताच तो घाईनं उठला, बहुधा कामावर जायचं असेल. कोणी कोणाला तू कोणत्या धर्माची म्हणून विचारलं नाही. मी आणि जाऊ हिंदू, आम्हाला सुरुवातीला थोडं अवघडल्यासारखं झालं होतं, ते पहिल्या गाण्यालाच गेलं. मराठी शब्द, ओळखीची चाल, आणि एवढ्या मोठ्या संख्येनं माणसं एका सुरात म्हणताहेत. मावशींचा आवाज गावात कधी असा मोकळा लागलेला मी ऐकला नव्हता.

नोव्हेना म्हणजे लागोपाठ नऊ बुधवार करायची प्रार्थना. जवळपासची माणसं नऊही बुधवार येतात. लांबून एकदाच येणाऱ्यांनी मन छोटं करू नये, प्रार्थनेची पुस्तिका घेऊन बाकीचे बुधवार घरी म्हणता येतात. मावशींचं तसंच चाललंय. माहीमला ही प्रथा ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. तो दिवस बुधवारच होता आणि मरियेच्या जन्माचा सणही. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी बेलफास्टला अशी नोव्हेना पाहिली आणि परत आल्यावर इथे सुरू केली. तेव्हापासून ती वाढतच गेली. आज बुधवारी हजारोंनी लोक येतात.

ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही अशांसाठी एक सांगून ठेवते. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, चालू असताना शेवटाकडे कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घेण्यासाठी, रांग लागते. ती आपल्या देवळातल्या प्रसादाची रांग नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेत तो संस्कार आहे, आणि तो कॅथलिकांनीच घ्यायचा असतो. शेजारचे उठले म्हणून उठू नका, जागेवर शांत बसा. त्यात कमीपणा काही नाही. लोक गुडघे टेकतात तेव्हा टेकता आले तर टेका, नाहीतर बसून राहिलं तरी चालतं. प्रार्थना चालू असताना मोबाइल वर करून फोटो काढू नका. एका बाईंनी काढला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या रडणाऱ्या माणसानं तोंड फिरवलं. ते बघून मला फार वाईट वाटलं.

प्रार्थना संपली की लगेच बाहेर पडू नका. गर्दी ओसरू द्या आणि पुढे जाऊन मातेचं चित्र नीट बघा. इंग्रजीत तिला ‘अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकर’ म्हणतात, सदैव मदतीला धावणारी माता. मूळ चित्र रोमला आहे. १८६६ साली पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवलं आणि त्यानंतर त्याच्या प्रती जगभर गेल्या. सोनेरी पार्श्वभूमी, निळ्या वस्त्रातली मरिया, कपाळावर वस्त्राला एक तारा. दोन्ही बाजूंना दोन देवदूत. एकाच्या हातात क्रूस आणि खिळे, दुसऱ्याच्या हातात भाला आणि स्पंज. बाळ येशू मान वळवून त्या क्रूसाकडे बघतोय. त्याचे दोन्ही हात आईच्या एका हातात आहेत. आणि आई त्याच्याकडे बघत नाही, ती समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघते.

मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "पाय पाह्य लेकराचा," म्हणाल्या. मी बघितलं. एका पायातली चप्पल सुटून नुसत्या बंदावर लोंबत होती. "भेलं ते. धावत आलं मायकडं, चप्पल घालाची शुद नाई रायली." मी तोवर ते चित्र कितीतरी कॅलेंडरांवर पाहिलं होतं, मावशींच्या घरात तर दारासमोरच आहे, आणि ती चप्पल कधी दिसली नव्हती. तुम्ही गेलात तर तिच्यासाठी तरी थांबा.

इतिहास तिथे पाट्यांवर फारसा सापडत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. इथल्या चर्चच्या स्थापनेचं साल १५३४ सांगतात, आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो द पोर्तो यांचं नाव. गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांना दिली तेच हे वर्ष. मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी हे एक, इमारत मात्र पुन्हा पुन्हा नवी होत आली. आपल्या मराठी माणसाला जवळची वाटावी अशी गोष्ट पुढची आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या धामधुमीत वांद्र्याच्या टेकडीवरची माउंट मेरीची मूर्ती खाडीपलीकडे इथे आणून ठेवली गेली आणि १७६१ पर्यंत इथेच राहिली. वसईच्या लढाईचं शाळेत शिकलो, पण त्या लढाईच्या दुसऱ्या टोकाला एक मूर्ती अशी शेजारच्या घरी जपून ठेवली होती हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. १८५३ मध्ये याच चर्चच्या ताब्यावरून पोर्तुगालच्या राजाचा अधिकार मानणारे आणि थेट रोमचा मानणारे असा मोठा वाद पेटला. रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्ये ठाण मांडून बसले होते.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती, ती दुपारपर्यंत पुरली. तुम्हीही न्या, गाडीतही कामाला येते. परत येताना माहीमचा हलवा मात्र घ्या. कागदासारखे पातळ, चौकोनी तुकडे असतात, प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये कागद घातलेला. प्रवासात खराब होत नाही. गावात वाटायला याहून सोपं काही नाही.

वेळ उरलाच तर चालत जाण्याच्या अंतरावर मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. पुढे माहीम कॉजवे. १८४५ साली तो खुला झाला तो लेडी जमशेटजींनी दिलेल्या पैशामुळे, म्हणूनच रस्त्याला त्यांचं नाव. त्याआधी खाडी होडीनं ओलांडायची आणि पावसाळ्यात माणसं बुडायची. पावसाळ्याचा विषय निघालाच म्हणून सांगते, जून ते ऑगस्ट शक्यतो जाऊ नका. लोकल बंद पडली तर म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात आणि परतीची गाडी चुकते.

परतताना माहीमहून पुन्हा हार्बरचीच सीएसएमटीकडे जाणारी लोकल धरा. गाडी तिथूनच सुटते, म्हणून निवांत चढता येतं. संध्याकाळी उलट दिशेला गर्दी असते, तरी सहापूर्वी निघालेलं बरं.

मुंबई जमतच नसेल, तर अमरावतीला सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रल आहे. १९५५ पासून अमरावती स्वतंत्र धर्मप्रांत आहे. मावशी मोठ्या सणाला तिथेच जातात. आणि सप्टेंबरमध्येच माहीमला जायचं मनात असेल तर हे लक्षात घ्या, की वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. त्या आठवड्यातल्या बुधवारी दोन्हीकडची गर्दी एकत्र येते. म्हातारं माणूस सोबत असेल तर तो बुधवार टाळा. जत्रा बघायचीच असेल तर एक दिवस जास्तीचा धरा आणि जुलैच्या मध्यातच तिकिटं काढून ठेवा.