१२३४५६७८९८७६५४३२१ : अवयव झाले, हर्षद तपासणी झाली

१ हा अंक नऊ वेळा सलग लिहून वर्ग केला की ही सतरा अंकी संख्या मिळते. गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी या कुळाला डोंबिवली स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिलं. ‘हर्षद’, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी संख्या, हे नावही त्यांचंच, म्हणून या दोन्हींची गाठ कुठे पडते ते तपासायला घेतलं.

आधी अवयव. वर्गाला हात न लावता १११११११११ फोडावी. तीन-तीन अंकांचे गट पाडले की १११ × १००१००१. पहिल्याचे ३ × ३७, दुसऱ्याचे ३ × ३३३६६७. खरी मेहनत ३३३६६७ मूळ आहे हे ठरवण्यात. वर्गमूळ ५७७ च्या जरा वर, म्हणजे सरळ गेलं तर १०६ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. तेवढी गरज नाही. समजा ‘प’ या मूळ संख्येने भाग जातो. मग ९९९९९९९९९ लाही प ने भाग जातो, म्हणजे १०⁹ ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. १०³ ची बाकीही १ असती तर १००१००१ ची बाकी ३ च्या बरोबरीची ठरली असती, म्हणजे प = ३; पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तीन बाद. म्हणजे १० च्या घातांत बाकी १ पहिल्यांदा १०⁹ लाच येते; म्हणून प − १ ला ९ ने, आणि प विषम असल्याने १८ ने भाग जायलाच हवा. उरतात १९, ३७, ७३, १०९ असे ५७७ पर्यंतचे फक्त १७ उमेदवार. एकानेही नि:शेष भाग जात नाही.

म्हणून संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७², विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

अंकांची बेरीज ८१, म्हणजे ३⁴. भागाकार १२३४५६७९², अर्थात १५२४१५७८९९७१०४१. हर्षद पक्की! नऊपर्यंत ‘न’ एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज न² येते, म्हणून प्रश्न एवढाच राहतो की न एकांच्या संख्येला न ने भाग जातो का. तो १, ३ आणि ९ लाच जातो.

सगळ्यात देखणी मांडणी मात्र ही: १२३४५६७९ × ९९९९९९९९९. म्हणूनच उजवीकडून नऊ अंक तोडून १२३४५६७८ + ९८७६५४३२१ केलं की ९ हा अंक नऊ वेळा मिळतो.

पडताळा घेताना एक्सेल टाळा. तिथे १५ अंकच टिकतात, शेवटचे दोन शून्य होतात. जावास्क्रिप्टमधला साधा गुणाकार शेवटी ३२० देतो, कारण २⁵³ च्या पुढे विषम संख्या त्यात मावत नाहीत. मग अवयवांत २ आणि ५ घुसतात. पायथनच्या पूर्णांकांत अडचण नाही, पण भागाकार // या पूर्णांकी भागाकाराच्या चिन्हानेच करा.

पुढे दहा एक: १२३४५६७९००९८७६५४३२१. हातच्याने मनोरा मोडला, बेरीज ८२, संख्या विषम, हर्षद नाही. आता अकरापासून पुढे तपासणी सुरू.