केडगावची मुक्ती आणि नगरचा रविवार: उपकारस्तुतीसाठी केलेला प्रवास

शनिवारी सकाळी पुण्याहून निघायचं, दुपारपर्यंत दौंड तालुक्यातल्या केडगावला थांबायचं, संध्याकाळी नगर गाठायचं, रविवारची उपासना तिथल्या एखाद्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, करायची आणि रात्री घरी परतायचं. नोव्हेंबरात आम्ही असा प्रवास केला. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून सगळे नगरच म्हणतात, म्हणून इथेही तसंच लिहिते.

निमित्त आईचं. तिचं मोठं ऑपरेशन झालं आणि पुढचे काही महिने आमच्या मंडळीनं आम्हाला अक्षरशः धरून ठेवलं. कोणी डबे आणले, कोणी दवाखान्यात रात्री काढल्या. आई हिंडूफिरू लागल्यावर मंडळीत उपकारस्तुती झाली, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाचे आभार मानले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आईचं मात्र तेवढ्यावर समाधान होईना. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट ती सारखी काढायची. बरे झाले दहा, पण मागे फिरून येशूच्या पायांशी आला एकच आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा. "मागे फिरायला चालावं लागतं," असं ती म्हणायची. तिला मुक्तीला, म्हणजे पंडिता रमाबाईंनी केडगावात उभारलेल्या मुक्ती मिशनला, जायचं होतं, आणि ज्यांनी दवाखान्यात रात्री जागवल्या त्या दोघी मावश्यांना सोबत घेऊनच. मग दीर, जाऊबाई, मुलं, सगळेच निघालो आणि भाड्यानं टेम्पो ट्रॅव्हलर केली.

मुक्तीलाच का, तर आईची आजी तिथे वाढली. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून ज्या मुली आणल्या त्यांतली ती एक. आईबाप कोण, गाव कुठलं, तिला काही सांगता येत नव्हतं. वाढली केडगावात, शिकली केडगावात आणि मोठी झाल्यावर मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची उलटी धातूची अक्षरं, जुळवायला बसली. आईला ती चांगली आठवते. टेबलापलीकडे कोणी वर्तमानपत्र वाचत असलं की ती समोरून उलटं दिसणारं पान भराभर वाचून दाखवायची. खिळे उलटे वाचायची हाताला आणि डोळ्याला लागलेली सवय शेवटपर्यंत गेली नाही.

आता वाटेचं. नकाशात नुसतं केडगाव टाकू नका. नगर शहराला लागून दुसरं एक केडगाव आहे आणि नगरकडून येणाऱ्यांना ॲप हमखास तिकडे नेतं. 'केडगाव, दौंड' असं टाका. पुणे-सोलापूर रस्त्यानं यवत ओलांडलं की चौफुला येतो, तिथून केडगावकडे वळायचं. आगगाडीनं जायचं तर पुणे-दौंड लोकल सोयीची. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. स्टेशनावरून रिक्षा मिळते आणि 'मुक्ती मिशन' एवढं सांगितलं की पुरतं.

मुक्ती हे पर्यटनस्थळ नाही हे मनात पक्कं ठेवून जा. तिथे आजही बायका आणि मुलं राहतात, ते त्यांचं घर आहे. आधी कार्यालयाशी बोला, किती जण येणार आणि कशासाठी येणार ते सांगा, आणि त्यांनी दिलेली वेळ पाळा. मुलांचे फोटो काढू नका. अशा संस्थांतल्या मुलांची ओळख जाहीर करायला कायद्यानंच बंदी आहे, पण कायदा नसता तरी आपल्या मुलांचे फोटो कोणी परक्यानं काढलेले आपल्याला चालतील का, एवढा विचार पुरे. खाऊ किंवा कपडे थेट मुलांच्या हातात देऊ नका. काय लागतं ते कार्यालयात विचारा. आम्ही तांदूळ, तूरडाळ आणि तेल नेलं. पैसे देणार असाल तर रीतसर पावती घ्या.

आवारात शिरल्यावर झाडं आणि दगडी इमारती पाहून वाटतं की हे सगळं ठरवून, निवांतपणे उभं राहिलं असेल. तसं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली, विधवा यांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवायला सरकारी मनाई झाली, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर आणावं लागलं. तंबू, झोपड्या, विहिरी, असं करत मुक्ती वसली. दुष्काळ म्हणजे काय ते रमाबाईंना ऐकून ठाऊक नव्हतं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मागे उरलेल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पुराण सांगत देशभर पायी हिंडले. माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. १८५८ ते १९२२ एवढ्या आयुष्यात या बाईनं कलकत्ता, इंग्लंड, अमेरिका आणि शेवटी केडगाव असा पल्ला कसा गाठला, याचा हिशोब ती वाटभर मांडत होती.

आम्ही घरातलं रमाबाईंचं बायबल सोबत नेलं होतं. बांधणी दोनदा बदललेली, कडा तुटलेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी हे भाषांतर केलं, ते खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून. त्यांनी संस्कृतात वाद जिंकले होते, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या कलकत्त्याच्या पंडितांकडून मिळवल्या होत्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं घातली ती सोपं मराठी लिहिण्यात. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं वाटतं. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्याआधीच्या वर्षी मुलगी मनोरमा गेली होती. छापलेलं पूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ साली, ते त्यांना बघायला मिळालं नाही.

रमाबाईंच्या कबरीजवळ आईनं त्याच पुस्तकातून १०३ वं स्तोत्र वाचलं, परमेश्वराचे उपकार विसरू नको असं सांगणारं. चष्मा गाडीत राहिला होता म्हणून पुस्तक हातभर लांब धरून वाचत होती. मध्येच थांबली आणि पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवून माझ्या मुलाला म्हणाली, "ही ओळ माझ्या आजीनं जुळवली असेल. नसेलही. पण तिच्या शेजारी बसणारीनं तरी जुळवलीच असेल." नववीतला पोरगा, एरवी फोनमधून मान वर काढत नाही. त्यानं पुस्तक मागून घेतलं आणि अक्षरं बघत बसला. मावशींनी प्रार्थना केली. त्यांनी दुष्काळात आलेल्या त्या नाव-गाव नसलेल्या मुलीसाठी देवाचे आभार मानले, कारण ती जगली म्हणून आम्ही सगळे तिथे उभे होतो.

केडगावहून नगरला जायला परत पुण्याकडे वळू नका. पारगावमार्गे भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून शिरूरला निघणारा रस्ता घ्या. वाघोली आणि शिक्रापूरची कोंडी त्यात टळते. दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळं. हंगाम असेल तर थांबून ताजा गूळ आणि काकवी घ्या, पण काकवीसाठी घट्ट झाकणाची बरणी घरूनच न्या. ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात दिव्यांशिवाय चालतात, म्हणून शिरूर उजेडी गाठा. आगगाडीनं नगरला जाणाऱ्यांनी तिकीट नीट वाचावं. पुण्याकडून येणाऱ्या काही गाड्या दौंड जंक्शनला न जाता दौंड कॉर्ड लाइन या वेगळ्या स्टेशनावर थांबतात, आणि सामानासकट एकीकडून दुसरीकडे जाणं म्हाताऱ्या माणसांना जड जातं.

नगरबद्दल थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन मराठी मिशननं इथे १८३१ मध्ये काम सुरू केलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई इथे राहिले, बालकवी ठोमरे त्यांच्या घरात राहिले. आपण रविवारी टाळ, पेटी, तबल्यावर अभंगाच्या चालीत जी भजनं म्हणतो त्यांतली कितीतरी टिळकांची. ख्रिस्ती भक्तीत कीर्तन आणि भजन त्यांनी रुजवलं. पण नगरला गेल्यावर मला टिळकांइतकीच आठवण येते ती खेड्यापाड्यांतल्या मास्तरांची आणि बायबलबायांची, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या बायकांची. माझ्या वडिलांचं घराणं नेवासे तालुक्यातलं. गावात ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते अशा घरांतल्या पोरांना मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी पाटी दिली. माझे पणजोबा त्या पोरांपैकी एक. त्या मास्तरांचं नाव कुठे छापलेलं नाही. माझी डिग्री, माझी नोकरी, माझ्या मुलीचं कॉलेज, सगळ्याची सुरुवात त्या पाटीपाशी आहे.

रविवारी आम्ही ज्या मंडळीत गेलो तिथे नेमका हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस होता. वेदीसमोर बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, लाल भोपळे, मेथीच्या जुड्या, पेरू, घरचे केक आणि एका टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. उपासनेआधी सेक्रेटरींना भेटून उपकारस्तुतीचं पाकीट द्या. नाव आणि कारण स्वच्छ अक्षरात, दोन ओळींत लिहा, ते मोठ्यानं वाचून दाखवतात. पाहुण्यांना उभं राहायला सांगतात तेव्हा लाजून बसून राहू नका. आईनं उभं राहून साक्ष दिली. दोनच मिनिटं बोलली, ऑपरेशनबद्दल थोडं आणि शेजारी बसलेल्या दोघी मावश्यांबद्दल जास्त. त्या दोघी पदरानं तोंड झाकून बसल्या.

उपासना संपल्यावर अंगणात लिलाव. ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: माणूस बोली जिंकतो, पैसे देतो आणि वस्तू पुन्हा लिलावाला ठेवतो. एक चिमुरडा स्वतःच्या कोंबडीची अंडी वाटीत घेऊन आला होता. ती वाटी चार हातांतून फिरली, दर वेळी बोली वर चढली आणि दर वेळी त्या पोराचा चेहरा आणखी फुलला. शेवटी अंडी आईनं घेतली आणि त्यालाच परत दिली. जाताना सुटे पैसे आणि कापडी पिशव्या ठेवा. आमच्याकडे सगळे फोनवर पैसे देणारे, आणि अंगणात पैशांची पेटी घेऊन बसलेल्या आजोबांकडे फक्त वही आणि पेन्सिल.

जेवायला बाहेर जायचं ठरलं होतं. जोड्यापाशी एका बाईंनी आईला गाठलं. "आडनाव ऐकलं मी. कुठल्या गावचे तुम्ही?" आईनं सासरचं गाव सांगितलं. बाईंचं माहेर तिथून दोन कोसांवर. "मग आता हॉटेलात कशाला जाताय, चला की घरी." आम्ही नको नको म्हणालो, इतकी माणसं आहोत म्हणालो. बाईंनी ऐकलं नाही. शेजारच्या घरातून ताटं आली, पुतण्या जाऊन आणखी मटण घेऊन आला, जाऊबाईंनी पदर खोचून भाकऱ्या थापल्या. जेवताना कळलं की त्या घरातही मुलाच्या नोकरीचं काळजीचं चाललंय. मग निघताना आम्ही सगळ्यांनी हात धरून त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्याचं नाव आता आमच्या शुक्रवारच्या कॉटेज मीटिंगच्या, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेच्या, यादीत आहे.

परतीला रविवारी संध्याकाळी पुण्याच्या बाजूला प्रचंड गर्दी असते. चारला निघालात तर बरं, नाहीतर जेवूनच निघा. एप्रिलमध्ये रमाबाईंच्या स्मृतिदिनाच्या आसपास जायचं असेल तर उन्हाचा विचार करा, वयस्कर माणसं सोबत असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा.

आणि ज्यांचं मूळ त्या भागातलं आहे त्यांना एक सांगते. निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं लिहून घ्या: पणजोबा, त्यांचे भाऊ, गाव, बाप्तिस्मा कुठे झाला, कोणत्या पाळकांनी दिला. जुन्या मंडळ्यांकडे बाप्तिस्म्याची रजिस्टरं असतात. ती रविवारी मागू नका, त्या दिवशी पाळकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आठवड्यातला दिवस विचारून घ्या, पत्र लिहून द्या आणि पानं हाताळताना त्यांच्या समोरच बसा. आम्ही जानेवारीत नेवाशाकडे जाणार आहोत. पणजोबांचं नाव सापडलं तर त्याच पानावर मास्तरांचं नाव साक्षीदार म्हणून असेल, अशी आईला आशा आहे.