तुम्ही विचारलंत म्हणून: आई-बाबांना रिव्हरडान्स दाखवावा का?

डब्लिनला उन्हाळा लागला की ओळखीच्या मराठी घरांतून मला ठरलेला फोन येतो. ‘आई-बाबा यायचेत. त्यांना रिव्हरडान्स दाखवावा का गं? तिकिटं काही स्वस्त नाहीत, आणि दोन तास नुसते पाय बघून कंटाळले तर?’ दर वेळी तुकड्यातुकड्यांनी सांगते. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून आता एकदाच नीट लिहिते.

रिव्हरडान्स म्हणजे आयरिश नाचांचा मोठा शो. जरूर दाखवा. फक्त आधी सांगून ठेवा, की या नाचाला डोळ्यांइतकेच कान लागतात.

हे मला उमगलं ते सासऱ्यांमुळे. बाबा मिरजेचे. जन्म बँकेच्या नोकरीत गेला, पण गुरुवारच्या भजनाला तबल्यावर बसणार ते बाबाच. इकडे आले तेव्हा त्यांना नाचाबिचाचं फारसं कौतुक नव्हतं. सुनेनं तिकीट काढलंय तर जाऊ, इतकंच. शो गेयटी थिएटरात होता. ‘गेयटी’ म्हटल्यावर त्यांना वांद्र्याचं थिएटर आठवलं. हे गेयटी 1871 सालचं, ग्राफ्टन स्ट्रीटला लागून. ट्रामच्या सेंट स्टीफन्स ग्रीन थांब्यावरून गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही सहज चालत जाता येतं. बाहेर तिथे गाजलेल्या कलाकारांच्या हातांचे ब्राँझचे ठसे बसवलेत, अगदी इटालियन ऑपेरा गायक पावारोत्तीचेसुद्धा. बाबांनी चष्मा सारखा करून ते नीट पाहिले आणि म्हणाले, “नाचायचं पायांनी आणि ठसे हातांचे होय?”

आत गेल्यावर पहिली काही मिनिटं ते गप्प होते. समोर पोरापोरींची लांबलचक ओळ, कमरेच्या वर सगळं ताठ, हात अंगाला चिकटलेले आणि खाली पायांचा धडाका. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागलीत. माझ्याकडे वाकून म्हणाले, “दादराच आहे की गं हा.” जिग नावाचा आयरिश नाच चालू होता. जिग सहाच्या हिशेबात चालतो, तीन-तीनचे दोन भाग, त्यामुळे दादरा त्यावर चपखल बसतो. पुढे चाराच्या चालीचा रील आला तेव्हा बोटं आपोआप केरव्यावर गेली. मग मऊ बूट घातलेल्या मुली चवड्यांवर तरंगत आल्या आणि बाबांची बोटं अडखळली. एक आवर्तन सोडलं, दुसरं सोडलं, तिसऱ्याला मान हलली. “नऊ घेतायत पोरी. तीन, तीन, तीन.” तो स्लिप जिग. तेवढ्या आनंदात तिकिटाचे पैसे वसूल झाले, असं मी तरी धरते.

तुमच्याकडे तबलजी नसेल, म्हणून आवाज कुठून येतो ते सांगते. घुंगरू नाहीत. कडक बुटांच्या चवड्याला आणि टाचेला आता फायबरग्लासचे ठोकळे असतात. चवडा वेगळा वाजतो, टाच वेगळी, आणि उडी मारून हवेत टाचेवर टाच आपटली की तिसराच टणत्कार. मऊ बूट म्हणजे वर नाडीनं बांधलेले काळे चामड्याचे जोडे, ते वाजत नाहीत. पूर्वी गावोगाव फिरून नाच शिकवणारे मास्तर असत, आणि घरातली जमीन मातीची, मग आवाज यायचा कुठून? तर दार बिजागऱ्यांवरून उचकटायचं, खाली पसरायचं आणि त्यावर नाचायचं.

म्हणूनच पहिल्या रांगेचं तिकीट काढू नका. जवळून बघू म्हणून हौसेनं सगळे तेच काढतात आणि उंच स्टेजमुळे नेमके बूटच दिसत नाहीत. पहिली बाल्कनी घ्या, तिथून पावलांची नक्षी वरून दिसते. अगदी वरची बाल्कनी स्वस्त पडते, पण तिथली चढण ज्येष्ठांच्या कामाची नाही. संध्याकाळच्या खेळाचीही धास्ती नको. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, घरी जाताना अंधाराची पंचाईत नसते.

मध्यंतरात प्रत्येक आई-बाबा एकच शंका काढतात: हात का हलवत नाहीत? यावर डब्लिनमध्ये जितके टॅक्सीवाले तितक्या गोष्टी. इंग्रजांना खिडकीतून नाच कळू नये म्हणून, पाद्र्यांना आवडत नसे म्हणून, जागा अपुरी म्हणून. ऐकायला छान आहेत, पक्का आधार एकीलाही नाही. मला पटतं ते साधं उत्तर: जुने नाचमास्तर अंगावरच्या ताब्याला फार मान देत, आणि विसाव्या शतकात स्पर्धांचं प्रस्थ वाढल्यावर ती शिस्त आणखी घट्ट झाली. पश्चिमेला कॉनेमाराकडे शान-नोस नावाचा जुना एकट्यानं नाचायचा प्रकार आहे. त्यात पाऊल जमिनीलगत आणि हात मोकळे. म्हणजे आयरिश माणूस हात हलवतच नाही, असं काही नाही.

आपल्या लोकांना रिव्हरडान्सच्या मागची हकीकतही आवडते. 30 एप्रिल 1994, डब्लिनच्या पॉइंट थिएटरात युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा. गाणी संपून गुण जाहीर होईपर्यंतचा वेळ भरायचा, म्हणून सात मिनिटांचा एक तुकडा बसवलेला, तोच पहिला रिव्हरडान्स. संगीत बिल व्हेलन यांचं, पुढे नाचणारे मायकेल फ्लॅटली आणि जीन बटलर. स्पर्धा कुणी जिंकली ते आज पटकन आठवत नाही, ही सात मिनिटं मात्र सगळ्यांना पाठ. 9 फेब्रुवारी 1995 ला त्याचाच पूर्ण प्रयोग त्याच ठिकाणी उभा राहिला. आणि गंमत बघा, फ्लॅटली शिकागोचा, बटलर न्यूयॉर्कची. घर सोडून गेलेल्यांच्या पोरांनी हा नाच मायदेशी आणून गाजवला. इथल्या गणपतीत आपली पोरं ढोल कमरेला बांधतात तेव्हा मला हटकून हे दोघं आठवतात.

दुसरा अर्धा भाग मला जरा पसरट वाटतो. स्पेनचा फ्लामेंको येतो, इतर काय काय येतं. त्यातला एक तुकडा मात्र चुकवू नका: आयरिश नर्तक एका बाजूला, अमेरिकन टॅपवाले (तेही बूट वाजवत नाचणारे) दुसऱ्या बाजूला आणि नुसत्या पायांनी एकमेकांना आव्हान. आमच्याकडच्या सवाल-जवाबासारखंच, कुरघोडीसकट. बाबा तिथे “क्या बात है” म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या आजींनी हसून मागे वळून पाहिलं.

एक सांगू का, एवढ्यावर थांबू नका. मोठा शो फार घोटीव असतो, आवाज माइकमधून येतो. दुसऱ्या एखाद्या दिवशी डार्टनं, म्हणजे इथल्या लोकल गाडीनं, मंक्सटाउनला जा. 1951 साली स्थापन झालेल्या कोल्तस या आयरिश संगीताच्या संस्थेचं तिथे घर आहे. तिथे ‘केली’ (céilí) असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचं. आधी तारीख बघून घ्या. नाच येत नाही ही सबब तिथे कुणी ऐकत नाही. बाबांना एका काकूंनी हाताला धरून ‘सीज ऑफ एनिस’ नावाच्या नाचाला उभंच केलं. चौघांसमोर चौघं, दोनदा पुढे-मागे, जागांची अदलाबदल, मग एका ओळीनं हातांच्या कमानी करायच्या, दुसरीनं खालून निघायचं, की समोर नवे चौघं. बाबांना पावलं काही येत नव्हती, पण सम एकदाही चुकली नाही. काकूच दोनदा चुकल्या.

चपला घालून नेऊ नका, लाकडी जमिनीवर सटकतात. आणि नाचायच्या आधी पाणी पाजा. मधे थांबावं म्हटलं तर पुढचे चौघं हात पुढे करून उभेच असतात.