कूपमंडूक म्हणजे नुसता संकुचित नव्हे

परवा भाची स्कॉलरशिपचा अभ्यास करत होती. 'संकुचित वृत्तीचा – कूपमंडूक' असं तिनं दोनदा मोठ्यानं म्हटलं आणि पुढच्या शब्दाकडे वळली. मला राहवेना. 'संकुचित' एवढ्यावर सोडलं तर त्या शब्दातला जीवच जातो. कूपमंडूक आपल्या जागेवर खूश असतो, खरी गोम ती आहे.

आजोळी वैशाखात विहिरीचा गाळ काढायचे. दोन गडी आत उतरत आणि घमेली दोरानं वर येत. एकदा गाळाबरोबर एक बेडूक वर आला. उन्हात तो दगडासारखा बसला होता, गळ्याखालची कातडी तेवढी लकलक हलत होती. मामानं त्याला ओंजळीत उचलून उपसलेल्या पाण्याच्या ओलीत सोडलं. पुढे शाळेत कूप म्हणजे विहीर आणि मंडूक म्हणजे बेडूक हे शिकले, तेव्हा डोळ्यांपुढे तोच आला.

शब्द फार जुना. पाणिनीच्या व्याकरणात 'क्षेपे', म्हणजे निंदा करायची असेल तेव्हा, असं सूत्र आहे. त्याच्या पुढच्याच 'पात्रेसमितादयश्च' या सूत्राच्या गणपाठात, म्हणजे सूत्राला जोडलेल्या शब्दांच्या यादीत, कूपमंडूक येतो. म्हणजे हा समास वैयाकरणांनी निंदेच्याच खात्यात घातलाय! शेजारीही तसेच. 'पात्रेसमित' म्हणजे पान वाढलं की तेवढ्यापुरते जमणारे, कामाला मात्र कुणी नाही. 'गेहेशूर' म्हणजे घरातच शूर. आणि माझा सगळ्यात आवडता 'उदुंबरमशक', उंबरातलं चिलट. पिकलेलं उंबर फोडलं की आत बारीक किडे वळवळताना दिसतात. त्यातल्या नरांना पंख नसतात. बहुतेकांचा जन्म आणि मरण त्याच फळात. ज्यानं हा शब्द घडवला त्यानं उंबर नक्की फोडून पाहिलं असणार.

बेडकाची गोष्ट स्वामी विवेकानंदांनी १५ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत सांगितली. समुद्रातला बेडूक विहिरीत पडतो. विहिरीतला एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारतो आणि विचारतो, तुझा समुद्र एवढा मोठा आहे का? तुलनाच नाही म्हटल्यावर तो चिडतो, माझ्या विहिरीहून मोठं काही असूच शकत नाही, हा खोटारडा आहे, हाकला याला. त्यानंतर विवेकानंद म्हणाले, मी हिंदू, माझ्या छोट्या विहिरीत बसलोय. मग ख्रिश्चन आणि मुसलमान यांच्या विहिरी. आधी स्वतःची विहीर दाखवली, म्हणून मला त्या भाषणाबद्दल इतका आदर वाटतो.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिनं 'संकुचित'च्या पुढे पेन्सिलीनं 'आणि त्यातच खूश' असं लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "मावशी, समुद्रातला बेडूक विहिरीतून बाहेर कसा आला?"

गोष्टीत ते नाही, म्हटलं.