किल्ली कोणाकडे?

“ताई, जेरुसलेममधल्या येशूच्या कबरीच्या चर्चची किल्ली खरंच मुसलमानांकडे असते का हो?” मी जेरुसलेमला प्रवाशांचे गट घेऊन जाते. वसईची मंडळी असोत की पुण्याची, हा प्रश्न कोणीतरी विमानतळावरच काढतं. मोबाइलवर फिरणारा एखादा मेसेज वाचलेला असतो, आणि मी ‘हो’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: “बघा, सगळे धर्म कसे गुण्यागोविंदाने राहतात!”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. किल्लीचं खरं आहे, गुण्यागोविंदाचं नाही.

येशूचं क्रूसावरचं मरण आणि कबर या दोन्ही जागा ज्या एका छपराखाली मानल्या जातात, त्या ‘चर्च ऑफ द होली सेपल्कर’ची किल्ली जूदे घराणं सांभाळतं आणि दार उघडतं नुसैबे घराणं. दोन्ही मुसलमान. मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनने 1187 मध्ये ख्रिस्ती क्रूसेडरांकडून शहर घेतलं तेव्हापासून हा मान आपल्याकडे आहे, असं जूदे सांगतात; नुसैबे तर आपला मान त्याहून जुना, सातव्या शतकातल्या खलिफा उमरपासूनचा सांगतात. आत सहा पंथ नांदतात: ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन. भाऊबंदकीत देवघराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी, तसा हा प्रकार आहे. किल्ली एका पंथाकडे गेली तर उरलेले पाच गप्प बसतील का?

कोणता दिवा कोणाचा, कुठली पायरी कोणी झाडायची, सगळं वहिवाटीने ठरलेलं. 1852 मध्ये ऑटोमन (तुर्की) सुलतान अब्दुल मजीदने फर्मान काढलं, की आहे ते आहे तसंच राहील. दाराच्या वर, खिडकीखाली एक लाकडी शिडी दिसते. अठराव्या शतकापासून ती तिथेच आहे, कारण ती हलवायला सगळ्यांची संमती लागेल. लोक फोटो काढतात, हसतात. पण 2002 मध्ये छतावर एका कॉप्टिक साधूने उन्हामुळे खुर्ची सावलीत सरकवली, इथिओपियन साधूंना ते आपल्या हद्दीत घुसणं वाटलं, आणि मारामारीत अकरा जण रुग्णालयात गेले. कबरीवरची वास्तू कोसळू नये म्हणून तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या इंग्रजांनी 1947 मध्ये तिला लोखंडी तुळयांचा आधार दिला. तिची नीट दुरुस्ती सुरू व्हायला 2016 उजाडलं.

मला स्वतःला हा हट्टीपणा आवडतो. एकमेकांवर विश्वास नाही हे मान्य करून केलेली व्यवस्था निदान टिकते तरी.

ज्यू जिथे प्रार्थना करतात त्या पश्चिम भिंतीच्या वर, अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट (डोम ऑफ द रॉक) यांच्या आवारात अशीच वहिवाट आहे, पण तिथला ताण वेगळा. ज्यूंची दोन्ही मंदिरं तिथेच होती. दुसरं रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं. 1967 मध्ये इस्रायलने जुनं शहर घेतलं, तरी आवाराचा कारभार जॉर्डनच्या वक्फकडेच राहिला. दारांवर पोलीस इस्रायलचे. प्रार्थना फक्त मुसलमानांनी करायची, बाकीच्यांनी ठरलेल्या वेळात बघून जायचं. अलीकडे काही ज्यू गट तिथे उघडपणे प्रार्थना करतात आणि वहिवाट तुटत चालली आहे. तिथे शिडीसारखं हसू येत नाही. गटातल्यांना मी आधीच बजावते: हात जोडू नका, पुटपुटू नका, पोथी-बायबल बॅगेत नको.

किल्ली बघायचीच असेल तर चर्चपाशी दार बंद व्हायच्या वेळी या. उघडताना बघायचं तर पहाटे चार-पाचला उठावं लागतं, आणि तेवढी हौस फार थोड्यांना असते.